केकताडाला शिंगांचा रंग

आमच्या कुरुंद्यात केकताड कुणी लावत नाही. ते आपलं असतं. बांधावर, ओढ्याच्या कडेला, गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना. शाळेच्या पुस्तकात त्याला घायपात म्हणतात, पण पुस्तकाला काय, ते कशालाही काहीही म्हणतं. जाडजूड पानं, टोकाला दाभणासारखा काटा, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. त्याला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, कुणी विचारत नाही. त्यामुळं लग्न होऊन मी वसमतला आले आणि सासरच्या दारात, पायरीशेजारी, गेरूनं रंगवलेल्या कुंडीत केकताड बघितलं, तेव्हा मला हसू आवरेना. नवी नवरी, डोक्यावर पदर, गल्लीतल्या सगळ्या बाया टकामका बघून राहिल्यात, आणि मी फिस्सकन हसले.

सासूबाईंनी ते बघितलं. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, मी आत्याबाई म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला दारात बोलावलं आणि थोरल्या जावेची ओळख करून द्यावी तशी त्या झाडाची ओळख करून दिली. तेव्हा कुठं मी नीट बघितलं. आमच्या बांधावरच्यासारखं ते नुसतं हिरवं नव्हतं. प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनी फिकट पिवळी कड होती, लुगड्याला काठ असतो तशी. आणि प्रत्येक काट्याच्या टोकावर एकेक रबरी बूच बसवलेलं होतं.

आत्याबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, माझ्या लग्नाच्या थोड्या आधी रिटायर झालेल्या. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांची बुचं त्यांनी काट्यांना घातली होती, गल्लीतल्या लेकरांना टोचू नये म्हणून. नोकरीत बदल्या फार झाल्या. दर बदलीला भांडीकुंडी टेम्पोत आणि हे झाड त्यांच्या मांडीवर, एस्टीच्या पुढच्या सीटवर. मोठं होऊन मांडीवर मावेनासं झालं की त्याच्या बुडाशी आलेलं पिल्लू काढायचं आणि तेवढं घेऊन निघायचं. मोठं झाड मग कुठं जायचं, हे विचारायचं माझ्या काही डोक्यात आलं नाही.

त्यांनी मला सगळं शिकवलं. कुंडीत काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. आसना नदीची जाडी वाळू, विटेचे तुकडे आणि थोडीशी माती. स्वेटर विणायची सुई कुंडीत खुपसायची. सुईला ओल लागली तर पाणी द्यायचं नाही, न लागली तरी आणखी थोडं थांबायचं. पावसाळ्यात पत्र्याखाली सरकवायचं. पिल्लू काढलं की लगेच लावायचं नाही, त्याची जखम सावलीत वाळू द्यायची. पानं ओल्या फडक्यानं पुसायची, बुडाकडून टोकाकडं, उलटं नाही. हे सगळं त्या दवाखान्यातल्या आवाजात सांगायच्या, आणि मी पेशंटची बाई असल्यासारखी मान हलवायचे.

आता माझ्या वडलांचं सांगते, कारण पुढचा सगळा उद्योग त्यांचाच. आबा हळदवाले. थोडकीच जमीन, पण हळद अशी काढायचे की बघायला माणसं यायची. स्वभावानं भोळे आणि हट्टी, दोन्ही बराबर. त्यांचा एक नेम होता. लेकीच्या घरी फुकट जेवायचं नाही. काही लोक हा नेम नातवंड होईपर्यंत पाळतात, मग सोडतात. आबांनी जन्माचा धरला. पण लेकीचा तर भारी लळा. म्हणून त्यांनी स्वतःच वाट काढली होती. बाजाराच्या दिवशी वसमतला यायचे, आमच्या घरात काहीतरी काम करायचे, आणि मग जेवायला बसायचे. बाज आवळून द्यायचे, कुऱ्हाडीला दांडा घालायचे, दाराची बिजागरी ठोकायचे. आत्याबाई पहिल्यांदा म्हणाल्या की पाव्हण्यानं कुठं काम करायचं असतं, तर आबा म्हणाले मग नुसतं पाणी पिऊन जातो. तेव्हापासून त्या आपणच मोडकी वस्तू पुढं करायच्या.

पण घर ते केवढं, दोन खोल्यांचं. नवरा एस्टी डेपोत मेकॅनिक, त्यामुळं बरंच काही तोच दुरुस्त करायचा. होता होता घरात मोडकं काही उरलं नाही. त्यानंतरच्या बाजाराला आबा आले, इकडंतिकडं बघितलं, मला पेरू दिले, पाणी प्याले आणि उभ्या उभ्या परत निघाले. मी भाकरी थापून ठेवलेल्या. पुढच्या बाजारालाही तसंच. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, एकदा नाही, दोनदा. आत्याबाईंनी ते बघितलं असावं.

पावसाळ्यात माझ्या नणंदेचं दुसरं बाळंतपण आलं. ती दिलेली नागपूरला, डॉक्टरनं प्रवास करू नको म्हणून सांगितलेलं, म्हणून आत्याबाईच तिकडं निघाल्या. जाताना कुंडी पत्र्याखाली सरकवली आणि मला बजावलं, "ह्याचं काही करू नको. जेवढं करशील न्हाई, तेवढं ते बरं राहील." मी म्हटलं, तुमी निर्धास्त जा.

त्या गेल्या आणि पुढच्याच बाजाराला आबा आले. मी रेशनच्या रॉकेलला लाइनीत उभी होते. परत येते तर आबा अंगणात हात-पाय धुऊन राहिले आणि चेहऱ्यावर लख्ख समाधान. म्हणाले, झालं काम, वाढ आता. मी कुंडीकडं बघितलं. त्यांनी झाडाला हळदीची भर लावली होती! भर म्हणजे रोपाच्या बुडाला माती चढवायची. कुठून तरी मळ्याची काळी माती आणली, त्यात शेणखत, त्यात सरकीच्या ढेपेचा चुरा, वरून पाला झाकला आणि चांगलं बादलीभर पाणी दिलं. वर मलाच ऐकवलं की ईनबाई, म्हणजे तुझ्या सासूबाई, शिकलेल्या असतील, पण झाडाला उपाशी ठेवलं व्हतं बिचाऱ्याला.

मी त्यांना वाढलं. काय करणार? त्या दिवशी ते किती दिवसांनी पाटावर बसले होते. ते गेल्यावर मी भर उकरली, पाला फेकला, जमेल तेवढी माती काढली. पण आबांचा हात हळदवाल्याचा, माती अशी दाबून बसवलेली की कुंडीचं भोक पार लिंपून गेलेलं. त्यात झड लागली. आठवडाभर सूर्य दिसला नाही. पानं आधी चांगली फुगली, मला वाटलं वाचलं. मग बुडाशी पिवळी पडली, मग मऊ. एक दिवस फडकं घेऊन पुसायला बसले तर मधला कोंबच्या कोंब हातात आला, आणि असा वास सुटला की शेजारीण बाहेर येऊन नाक धरून उभी राहिली.

वर्षाच्या आतली सून मी. आत्याबाईंनी घर, किल्ल्या, दुधाचा रतीब, सगळं माझ्यावर टाकलं होतं आणि सांगितलं होतं फक्त एक, की काही करू नको. आणि बदल्यांमागून बदल्या मांडीवर सांभाळलेलं झाड माझ्या बापाच्या मायेनं कुजलं होतं. त्यांनी माझ्याशी बोलायचं सोडलं तर? माझ्या बापाला दारात उभं करायचं सोडलं तर? नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, आई यायच्या दिवशी मी डबल ड्युटी मागून घेतो. असा आधार.

पुढच्या बाजाराला आबा आले, मी रिकामी कुंडी आणि शेजारी काढून ठेवलेलं झाड दाखवलं. ते मटकन पायरीवर बसले. त्या दिवशी पाणीसुद्धा प्याले नाहीत. कुजलेलं झाड गोणपाटात गुंडाळलं, काखेत मारलं आणि निघून गेले. मी मागून हाका मारल्या, वळून बघितलं नाही.

पोळा झाला. त्यानंतरच्या बाजाराला आबा पुन्हा हजर, खांद्यावर गोणपाट. गोणपाटातून निघालं केकताड. तेवढंच उंच, तेवढंच रुंद, आणि पानांना दोन्ही बाजूंनी पिवळी कड! क्षणभर मला खरंच वाटलं की झाड जिवंत झालं. मग वास आला. बांधावरचं हिरवं केकताड खणून आबांनी त्याला पोळ्याच्या उरलेल्या रंगानं काठ काढले होते. बैलांच्या शिंगांना लावतात तो ऑइलपेंट. काम मात्र असं सुबक की बैलांच्या शिंगांना इतकं सुबक कधी झालं नसेल. कंडक्टरनं वाटेत विचारलं म्हणे, मामा हे काय घेऊन चालले, तर आबांनी औषधाचं झाड म्हणून सांगितलं.

फक्त एक घोटाळा होता. आत्याबाईंच्या झाडाची कड फिकट, सायीवर आलेली. आबांची पिवळीधमक. हळदवाल्याला पिवळा म्हणजे एकच पिवळा. पण आता वेळ नव्हता. वाळू, विटेचे तुकडे, सगळं मी शिकल्याप्रमाणं भरलं. जपून ठेवलेली रबरी बुचं आबांनी एकेका काट्यावर चढवली. मग हात धुऊन जेवायला बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, फरक कळत न्हाई, अजिबात कळत न्हाई. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं मी मनात म्हणत होते, पण हसूही येत होतं.

आत्याबाई आल्या. रिक्षातून उतरल्या, पिशवी पायरीवर ठेवली आणि आधी कुंडीपाशी गेल्या. मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी. त्यांनी झाडाकडं बघितलं, वाकून एक पान बोटानं चाचपलं. "तब्येत सुधारली की ह्याची," एवढं म्हणून आत गेल्या आणि नणंदेच्या बाळाचं नाक कसं आहे ते सांगायला लागल्या. मी देवळात जात नाही, नाहीतर त्या दिवशी नारळच फोडला असता.

पण केकताड ते केकताड. मधल्या कोंबातून नवं पान उलगडतं, आणि ते उलगडलं तर हिरवंगार. रंग थोडाच रक्तात उतरतो? मी आबांना सांगितलं. आबांनी रंगाची डबी आणि कुंचला तंबाखूच्या पिशवीत घातला. रविवारी सकाळी आत्याबाई वंदनेला विहारात जायच्या. आबांनी बाजाराचा दिवस सोडून रविवार धरला. त्या गल्लीच्या टोकाला वळल्या की आबा समोरच्या पिंपळाच्या मागून निघायचे. मी रस्त्यावर नजर ठेवायची, ते उकिडवे बसून पानाला कड काढायचे, आणि आत्याबाई परत यायच्या आत बाजेवर असे बसायचे की जणू आताच आले. पण चोराच्या मनात चांदणं. आत्याबाईंनी नुसतं कुंडीकडं बघितलं तरी आबांना ठसका लागायचा. आणि गंमत म्हणजे काम केल्यामुळं नेमाप्रमाणं जेवता येत होतं, पण काम कोणतं ते सांगता येत नव्हतं. मग ते उगाच म्हणायचे, जरा खिळा ठोकला व्हता मागं. कुठला खिळा, कुठं ठोकला, कुणी विचारलं नाही.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी आत्याबाई निघाल्या, वळल्या, आबा आले, बसले, डबी उघडली. मी चूल फुंकायला क्षणभर आत गेले. बाहेर येते तर आबांच्या पाठीमागं आत्याबाई उभ्या. चष्मा विसरल्या होत्या म्हणून परत आलेल्या. आबांना पत्ता नाही, जीभ दातात धरून पानाची कड ओढून राहिलेत.

आत्याबाई जरा वाकल्या. मग व्याह्यांना म्हणाल्या, "इवाई, त्या खालच्या पानाची कड राहिली की."

आबांच्या हातातला कुंचला खाली पडला. ते तसेच उठले, हात जोडले आणि भरभर सगळं सांगायला लागले. भर, ढेप, झड, बांध, पोळा, कंडक्टर, काही ठेवलं नाही. पोरीची काही चूक न्हाई, ही गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल. डोळ्यांत पाणी. मीही पदर तोंडाला लावून उभी. आणि आत्याबाईंनी आधी ओठ आवळले, मग खांदे हलायला लागले, आणि मग त्या अशा हसल्या की पायरीवर बसावं लागलं. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. ऑइलपेंटचा वास दिवाळीपर्यंत गेला नव्हता म्हणे. शिवाय आबांनी सगळी बुचं उलटी बसवली होती. मग त्यांनी खाली पडलेला कुंचला उचलून आबांच्या हातात दिला आणि सांगितलं की पिवळा जरा फिका करा, पांढरा मिसळा त्याच्यात, डोळ्याला लागतो.

त्या दिवसापासून ते काम उघड झालं. पुन्हा बाजाराचा दिवस. आबा यायचे, चप्पल काढायचे, कुंडीपुढं बसायचे. नवं पान नसलं तर जुना रंग पोपडे धरायचा, त्याला दुसरा हात. रंगाचा वास, भाकरीचा वास आणि दोघांच्या गप्पा. आबा हळदीचं सांगायचे, आत्याबाई बाळंतपणांचं. दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हती, पण वेळ मजेत जायचा. शेजारणीनं एक पिल्लू मागून नेलं आणि वर्षभरानं तक्रार घेऊन आली, आमचं काहून पिवळं होत न्हाई? आत्याबाई गंभीर तोंडानं म्हणाल्या, त्याला हात लागतो, इवायांना विचारा. मी आत पळाले.

एक मात्र मला खटकायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी आत्याबाई पानं पुसायला बसायच्या, आणि जरा जास्तच जोरानं पुसायच्या. कधी कधी नखानंसुद्धा. मला वाटायचं, पाव्हणा येणार म्हणून स्वच्छता.

अशी बरीच वर्षं गेली. मला दोन लेकरं झाली, गल्लीत सिमेंटचा रस्ता आला, कुंडी जाऊन झाड अंगणात जमिनीत गेलं आणि कमरेएवढं वाढलं. आबांच्या गुडघ्यांना तकलीफ सुरू झाली, म्हणून आत्याबाईंनी त्यांच्यासाठी एक बुटका स्टूल करून घेतला. रंगवणं काही थांबलं नाही.

मग कधीतरी माझ्या मावसबहिणीच्या बाळंतपणासाठी मी जवळा बाजारला गेले. सरकारी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरले आणि जागेवर उभीच राहिले. फाटकाच्या दोन्ही बाजूंना केकताडं. डौलदार, मोठी, आणि प्रत्येक पानाला फिकट, सायीसारखी पिवळी कड. बुडाशी पिल्लांची जत्रा. तिथल्या म्हाताऱ्या आयाला विचारलं, तर म्हणाली, आमच्या जुन्या सिस्टरबाईंनी बदलीच्या वक्ताला लावलेलं झाड, त्याचंच हे सारं. त्यांनी जिथं जिथं नोकरी केली तिथं असंच असंल. मोठं झाड कुठं जायचं, ते मला आत्ता कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वसमतहून एस्टीनं यायला कितीसा वेळ?

आयाला विचारून एक पिल्लू काढलं, पेपरात गुंडाळलं आणि वाटभर मनातल्या मनात उड्या मारत घरी आले. आत्याबाई मेथी निवडत होत्या. मी पिल्लू त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, मूळ बघितलं, कड बघितली, फाटकापाशी ऊन येतं का अजून ते विचारलं. चेहरा लेक माहेरी आल्यासारखा झाला होता. मग म्हणाल्या, जखम वाळली की मागच्या भिंतीला लाव.

मी म्हटलं, मागं काहून? दारात लावू. ते रंगाचं काढून टाकू आता. आबांचे गुडघे दुखतात, त्यांची सुटका होईल. आणि तुमाला ठाऊक होतं तर इतकी वर्षं हे आणलं का नाही?

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं लग्नाच्या दिवशी मी हसले तेव्हा बघितलं होतं.

"अगं खुळे, ह्याला रंग लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "मग तुझे आबा आपल्या घरी कोणत्या कामाचं जेवतील?"

मला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. परत आले तेव्हा त्या मेथीच निवडत होत्या.

जखम वाळल्यावर मी ते पिल्लू मागच्या भिंतीला लावलं. बाजाराच्या आदल्या दिवशी आत्याबाई फडकं घेऊन दारातल्या झाडापाशी बसल्या, तेव्हा मीही शेजारी बसले आणि एका पानाची कड नखानं खरवडली. दुसऱ्या दिवशी आबा आले, चप्पल काढली, स्टूल ओढला. डबी उघडायच्या आधी आत्याबाईंनी आतून सांगितलं की ह्या वेळेला रंग फार गेलाय, बराच वेळ लागंल, सावकाश करा. मी तव्यावर भाकरी टाकली.